चिमण्यांच्या पंगतीतली खार

गोदूबाई खोपकरांचा नेम ऐकायला अगदी साधा होता. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत, परसातल्या चिमण्यांनी दाणा टिपल्याशिवाय आपल्या तोंडात घास घालायचा नाही. चातुर्मासात कोणी मीठ सोडतं, कोणी एकभुक्त राहतं, स्टेशनापलीकडच्या एक बाई तर चार महिने आरशात पाहत नसत. त्या मानानं हा नेम म्हणजे, यजमान श्यामकांतराव म्हणाले तसं, बसल्या जागी मिळणारं पुण्य होतं. "चिमण्या काय, दिवसभर खातच असतात," ते म्हणाले. "त्यांना दुसरा उद्योग काय आहे?"

श्यामकांतराव अंबरनाथच्या एका कारखान्यात नकाशे काढायच्या खात्यात होते. जगात जे काही बिघडतं त्याचा आधी नीट नकाशा काढला की ते दुरुस्त होतंच, अशी त्यांची श्रद्धा होती. गोदूबाईंची श्रद्धा देवावर होती. त्यावरून दोघांचं कधी भांडण झालं नाही. खाती वेगळी होती.

नेम सासूबाईंकडून आलेला, आणि त्याला सासूबाईंचाच एक पोटनियम होता. दाणा जमिनीवर टाकायचा नाही. "टाकलेलं कोणाला देतो गं आपण?" त्या विचारायच्या. "पाखरू म्हणजे अतिथी. अतिथीला ताटात वाढावं, आणि उष्टं तर मुळीच वाढू नये." म्हणून गोदूबाईंनी कुंभाराकडून मातीचं पसरट परळ आणलं, मागच्या ओट्याच्या कठड्यावर ठेवलं, त्यात रेशनच्या तांदळाच्या कण्या आणि थोडी ज्वारी घातली, हात जोडले आणि दाराआड जाऊन उभ्या राहिल्या. पहिले काही दिवस चिमण्या आल्या. कठड्यावर बसायच्या, मान तिरकी करून अंदाज घ्यायच्या, परळाच्या काठावर उतरून एखादा दाणा उचलून भुर्रकन जायच्या. आपल्या परसात चातुर्मास उतरला म्हणून गोदूबाईंचे डोळे भरून यायचे आणि मग त्या चहा घ्यायच्या.

मग एका सकाळी परळात खार बसली होती. काठावर नव्हे, मधोमध. मंगळागौरीला माहेरी आलेली लेक पाटावर बसते तशी, अंग सैल सोडून, शेपटी मागे टेकून. पुढच्या दोन्ही हातांत ज्वारीचा दाणा धरून ती तो फिरवून फिरवून खात होती. चिमण्या कपड्यांच्या दोरीवर ओळीनं बसल्या होत्या, पहिल्या पंगतीला जागा न मिळालेल्या वऱ्हाडासारख्या.

गोदूबाई हाकलायला म्हणून पुढे झाल्या आणि तशाच थांबल्या. खारीच्या पाठीवर ती बोटं होती. सेतू बांधताना रामरायानं कौतुकानं फिरवलेली, लहानपणापासून ऐकलेली. एवढ्या जवळून त्यांनी ती कधी पाहिली नव्हती. ज्या पाठीवर देवाचा हात फिरला तिला आपण हाड् म्हणायचं? हाकलायला उचललेला हात दुसऱ्या हाताला जाऊन मिळाला. खारीनं नमस्कार घेतला की नाही कळलं नाही, पण पुढचा दाणा घेतला.

तिचं जेवण सावकाश चालायचं. ती गेली की परळ उष्टं व्हायचं. मग ते घासायचं, पुसायचं, त्यात नवे दाणे घालायचे आणि पुन्हा दाराआड उभं राहायचं. कुठं बारा वाजायच्या सुमाराला एखादी चिमणी धीर करून वर उतरायची आणि गोदूबाईंचा दिवस उगवायचा. पुढे खारीला या दुसऱ्या वाढपाचाही सुगावा लागला. मग बाराचे दोन झाले.

श्यामकांतरावांना हे एका रविवारी कळलं. दुपारची झोप काढून ते उठले तर बायको ताटावर ताट झाकून दाराशी उभी.

"अगं, अजून जेवली नाहीस?"

"त्यांचं व्हायचंय," गोदूबाई हळूच म्हणाल्या.

"कोणाचं?"

गोदूबाईंनी बाहेर बोट दाखवलं. श्यामकांतरावांनी पाहिलं. खारीनंही त्यांच्याकडे पाहिलं, आणि खाणं सुरू ठेवलं. कारखान्यात त्यांच्याकडे असं कोणी पाहत नसे.

"एका एवढ्याशा खारीनं माझ्या घरात उपास पाडायचा?" ते म्हणाले, आणि पेन्सिलीला टोक काढायला बसले.

पहिला उपाय शिंक्याचा. ओट्याच्या वाशाला शिंकं टांगलं आणि त्यात परळ ठेवलं. शिंकं मांजरासाठी असतं. खारीला त्याचा उपयोग समजावून सांगायची गरज पडली नाही. ती वाशावरून डोकं खाली करून अशी उतरली, की गोदूबाईंना देवळाच्या शिखरावरून खाली सोडलेली फुलांची माळ आठवली. पोटभर खाऊन ती शिंक्यातच झोपली. वाऱ्यानं शिंकं हळूहळू हलत होतं. गोदूबाईंना पाळणा म्हणावासा वाटला, पण यजमान तिथंच उभे होते.

आता शेजारी आले. डावीकडचे आण्णा हे सल्ल्याचं कोठारच होतं. "वहिनी, दाण्यांना तिखट चोळा. पाखरांना तिखट लागत नाही, खारीला लागतं. शास्त्र आहे." गोदूबाईंनी नुसते कानाला हात लावले. देवाच्या खारीच्या तोंडात तिखट घालून पुण्य मिळवायचं, हे त्यांना त्या शास्त्रात बसवता येईना. उजवीकडच्या गोजरबाई घाटावरच्या. त्या म्हणाल्या, "अवो गोदूताई, नेमच बदला की. भटजीला इचारा. चिमणीच्या जागी कावळा धरा. कावळ्याम्होरं खार टिकत न्हाई."

"कावळ्यानं दाणा घेतल्यावर जेवायचं?" गोदूबाई दचकल्या. "ते दिवस वेगळे असतात हो."

"आता ते बी खरंच," गोजरबाई म्हणाल्या, आणि जाताना थोडी ज्वारी मागून घेऊन गेल्या.

दुसरा उपाय खांबाचा. परसाच्या मधोमध, भिंत, वासा आणि शिरीषाचं झाड, सगळ्यांपासून लांब, लोखंडी नळीचा एक खांब. वर फळी, फळीवर परळ. नकाशा सुंदर झाला. पण कारखान्याच्या वसाहतीत खिळा ठोकायलासुद्धा मंजुरी लागे, आणि मंजुरी धर्मराज नावाच्या कारकुनाच्या टेबलावरून जाई. नावाप्रमाणे ते न्यायाला फार धरून होते.

"खांब कशासाठी?" त्यांनी विचारलं.

"चिमण्यांना दाणे ठेवायला."

"क्वार्टरमध्ये जनावरं पाळायला मनाई आहे."

"चिमण्या पाळीव नाहीत हो."

"रोज येतात?"

"येतात."

"तुम्ही खायला घालता?"

"घालतो. म्हणजे ही घालते."

"मग पाळणं म्हणजे आणखी काय असतं, खोपकर?"

श्यामकांतराव तसेच घरी आले. हाच प्रश्न त्यांनी गोदूबाईंना विचारला. आपण चिमण्या पाळतो की चिमण्या आपल्याला, या विचारात त्यांचं वरण उतू गेलं. शेवटी धर्मराजांनीच वाट काढली. कपडे वाळत घालायच्या खांबाला मंजुरी देता येत होती. अट एकच, खांबावर कपडे दिसले पाहिजेत, कधीही तपासणी होईल. तेव्हापासून त्या खांबाला आडवी काठी लागली आणि तिच्यावर श्यामकांतरावांचा एक पंचा कायमचा लोंबत राहिला. पावसात भिजायचा, उन्हात वाळायचा, पुन्हा भिजायचा.

खारीनं खांबाला एक प्रदक्षिणा घातली, आणि पंचा धरून वर गेली. जणू तिच्याचसाठी जिना सोडला होता.

"पंचा काढ," श्यामकांतराव म्हणाले.

"तपासणी आली तर?"

पंचा राहिला. मग गोजरबाईंच्या सांगण्यावरून पंचा वर गुंडाळला आणि नळीला गोडं तेल चोपडलं. तो नेमका गोपाळकाल्याचा दिवस होता. चौकातली हंडी फोडून माखलेली पोरं, त्यांच्यामागून मोठी माणसं, सगळी खोपकरांच्या परसाच्या कुंपणाशी जमली, कारण इथला काला अजून चालू होता. खार चढायची, निम्म्यावर जायची आणि तशीच घसरत खाली यायची. कोणी तरी "गोविंदा आला रे" सुरू केलं. आण्णांनी टाळ्यांचा ताल धरला. प्रत्येक घसरणीबरोबर खारीच्या पोटाला तेल लागत होतं, म्हणजेच नळीवरचं कमी होत होतं. हे फक्त दोघांच्या लक्षात आलं, गोदूबाईंच्या आणि खारीच्या. शेवटी ती वर पोचली तेव्हा तिची शेपटी समईच्या वातीसारखी चकचकत होती, आणि लोकांनी असा जयजयकार केला की श्यामकांतराव आत जाऊन दार लावून बसले. गोदूबाई मात्र हलल्या नाहीत. मनात म्हणत होत्या, इतक्या वेळा खाली येऊन तेवढ्याच उमेदीनं वर जायचं, हे आपल्याला एका जन्मात जमायचं नाही.

पण कौतुकानं पोट भरत नाही. त्यांचं तोंड उतरलं होतं, हातातल्या बांगड्या सैल झाल्या होत्या. आणि श्यामकांतराव कितीही नकाशे काढोत, त्यांना खारीला हरवायचं नव्हतं. बायकोला वेळेवर जेवताना पाहायचं होतं.  म्हणून ते उल्हासनगरला, सिंधी निर्वासितांच्या कॅम्पात गेले.

तिथं टहलराम नावाचा एक सिंधी पत्र्याची कामं करायचा. सिंधमध्ये त्याचं मोठं दुकान होतं. इथं बराकीसमोर एक हातोडा आणि वनस्पती तुपाचे रिकामे डबे. श्यामकांतरावांचा नकाशा त्यानं उलटा धरला, सुलटा धरला, आणि विचारलं, "साब, ये छत्री किसके वास्ते?"

"खारीसाठी. म्हणजे खार वर येऊ नये म्हणून."

"गिलहरी?" टहलरामनं मान हलवली. "गिलहरी तो खाना खाएगी, साब. आप खाना किधर भी रखो." तरी त्यानं काम मनापासून केलं. उघड्या छत्रीसारखा, गुळगुळीत, चकचकीत पत्र्याचा घेर, मधून नळी जाईल असा. पोचवायला स्वतः आला, आणि घरात एक बाई उपाशी आहे हे कळल्यावर ओशाळला. "अदी, तू खा ले पहले," तो म्हणाला. सिंधीत अदी म्हणजे ताई, हे त्याच्या आवाजावरूनच कळलं. गोदूबाईंनी त्याला लाडू दिला. स्वतः खाल्ला नाही.

रविवारी पंचा पुन्हा खाली सोडला आणि त्याच्या वर, फळीच्या खाली पत्रा चढला. सगळी वसाहत पाहायला. खार पंचा धरून आली, पत्र्याखाली डोकं लागलं, थांबली. बाहेरून वळसा घालायला गेली, नखं घसरली, खाली पडली. पुन्हा तेच. मग मागून, मग उडी मारून. शेवटी खांबाच्या बुंध्याशी बसून तिनं आपल्या मिशा पुसल्या. आण्णांनी श्यामकांतरावांचा हात हातात घेऊन हलवला. धर्मराजही आले होते; पंचा जागेवर आहे याची त्यांनी खात्री करून घेतली. "श्यामकांतराव, याचं पेटंट घ्या," आण्णा म्हणाले, आणि श्यामकांतराव "छे, छे" म्हणाले ते घ्यायचं ठरल्यासारखं.

परळ काठोकाठ भरलेलं, स्वच्छ, कोणीही न उष्टावलेलं. गोदूबाईंनी हात जोडले आणि वाट पाहू लागल्या.

चिमण्या आल्या नाहीत.

"पत्रा नवा आहे," श्यामकांतराव म्हणाले. "चमकतो. सवय होईल." सोमवार शेवटचा श्रावणी सोमवार होता, उपास तसाही होता, तेव्हा दिवस निभला. पण संध्याकाळी देवळात बेल वाहून, उपास सोडायला गोदूबाई घरी आल्या तेव्हा चिमण्या केव्हाच झोपल्या होत्या. परळ तसंच भरलेलं. त्यांनी पाणी घेतलं आणि निजल्या. मंगळवारी दोन चिमण्या दोरीवर येऊन बसल्या, वाऱ्यानं पत्रा खडखडला, निघून गेल्या.

"तू काहीतरी खा," श्यामकांतराव म्हणाले.

"तुम्ही जेवून घ्या ना."

"मी कारखान्यात डबा खाल्लाय."

पण संध्याकाळी डबा घासायला घेतला तर त्यातली पोळीभाजी सकाळी भरली तशीच होती. गोदूबाई बराच वेळ तो उघडा डबा हातात धरून बसल्या. 

बुधवारी श्यामकांतराव कामावर गेलेच नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा, अंगात ताप नसताना. मागच्या ओट्यावर बायकोशेजारी बसून राहिले. गोदूबाईंना आता भूक लागत नव्हती. फक्त सगळं फार लांब आणि फार स्वच्छ दिसत होतं. खांब, पंचा, पत्रा, वर परळ. बुंध्याशी खार, वर पाहत. दोरीवर चिमण्या, आज बऱ्याच आल्या होत्या.

आणि मग त्यांना दिसलं. चिमण्या परळाकडे पाहत नव्हत्या. खारीकडे पाहत होत्या.

खार वर पाहत होती आणि चिमण्या खारीकडे, देवळात पुजाऱ्याच्या हातातल्या ताटाकडे पाहावं तशा.  इतके दिवस त्या समोर पाहत होत्या आणि त्यांना दिसलं नव्हतं. खार एक दाणा खायची आणि दोन भिरकावायची. उचलायची, हुंगायची, नाही आवडला की टाकायची, परळात मागचे पाय खुपसून उकरायची. दाणे कठड्यावरून, शिंक्यातून, फळीवरून खाली पडायचे आणि चिमण्या त्यावर तुटून पडायच्या. त्यांनीही ते पाहिलं होतं, पण पाहून मान फिरवली होती, कारण ते उष्टं होतं आणि जमिनीवरचं होतं. पोट भरल्यावर एखादी अवखळ चिमणी वर परळात डोकावायची, तेवढंच त्या मोजायच्या. खार आल्यापासून परळ चिमण्यांचं राहिलंच नव्हतं. चिमण्यांना उंचावरचं ताट नको होतं. वाढणारं कोणी तरी हवं होतं.

"अहो," त्या म्हणाल्या, "ती वाढते."

"कोण?"

गोदूबाईंनी सांगितलं. फार हळू, थांबत थांबत. श्यामकांतराव ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे माझा पत्रा..."

"पत्रा फार चांगला झालाय," गोदूबाई म्हणाल्या. "खारीला अजिबात वर येऊ देत नाही. तेवढीच अडचण आहे."

"पण उष्टं? आई म्हणायची..."

गोदूबाईंनाही तेच पडलं होतं. त्यांनी डोळे मिटले. "देवानं रानातल्या भक्तिणीची चाखून ठेवलेली बोरं खाल्ली," त्या म्हणाल्या. "चिमण्या काही त्याच्याहून सोवळ्या नाहीत. आणि आपण कुठं टाकतोय? आपण ताटातच वाढतोय. पुढचं जिनं वाढायचं ती वाढते. सासूबाईंना मी सांगेन."

सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण श्यामकांतरावांनी ते काढलं नाही. ते उठले, आतून स्टूल आणलं, पाना आणला. खांबाशी त्यांनी क्षणभर वर पाहिलं. पत्रा उन्हात लखलखत होता. एवढं अचूक काम त्यांच्या हातून आजवर झालं नव्हतं. मग ते स्टुलावर चढले.

कुंपणापलीकडे आण्णा दात घासत होते. "काय श्यामकांतराव? काढताय की काय?"

"तेलपाणी करायचंय."

"परत कधी लावणार?"

"कार्तिकी झाली की," श्यामकांतराव म्हणाले, आणि पत्रा काखेत घेऊन एक पाय खाली टाकला. दुसरा पाय अजून स्टुलावरच होता तेवढ्यात खार पंचा धरून त्यांच्या कानाजवळून वर गेली. ते तसेच राहिले, एक पाय वर, एक खाली.

ती परळात उतरली. उभी राहिली. चौफेर पाहिलं. एक दाणा उचलला, फिरवला, खाल्ला. दुसरा उचलला आणि टाकून दिला. तो पंच्यावर आपटून चिखलात पडला. एक चिमणी उतरली. मग खारीनं पाय खुपसले आणि उकरायला सुरुवात केली. कण्या आणि ज्वारी खाली झरझर ओघळली, आणि दोरी एकदम मोकळी झाली. खांबाच्या बुंध्याशी एवढ्या चिमण्या उतरल्या की जमीन हलते आहे असं वाटलं. कोणी कोणाला ढकलत नव्हतं. वरून येत होतं, सगळ्यांना पुरत होतं. वर बसलेली ती वाढणारी मधूनच एक दाणा आपल्या तोंडात टाकत होती, स्वयंपाकघरात उभ्यानं घास घेणाऱ्या बाईसारखी.

गोदूबाई आत गेल्या, ताट घेऊन आल्या आणि तिथंच उंबऱ्यावर बसल्या. ताटात भाकरी होती आणि अळूची पातळ भाजी. त्यांनी चित्राहुती घातल्या आणि पहिला घास तोंडात घातला. तो पोटात उतरेपर्यंत त्या डोळे मिटून होत्या.

श्यामकांतराव येऊन शेजारी टेकले. पत्रा मांडीवर, नजर खांबावर. खार आता फळीच्या कडेवर मागच्या पायांनी लोंबकळून, खाली किती शिल्लक आहे ते पाहत होती. त्यांचा हात आपोआप पुढे झाला, गोदूबाईंच्या ताटातल्या भाकरीचा तुकडा मोडून भाजीत बुडवून तोंडात गेला, आणि पुन्हा पुढे झाला. आपण कोणाच्या ताटात जेवतोय हे त्यांना कळलेलं दिसत नव्हतं. गोदूबाईंनी ताट थोडं त्यांच्या बाजूला सरकवलं.

"आणखी भाकरी आहे का गं?" खारीवरची नजर न काढता त्यांनी विचारलं.